धानाच्या काट्यावर

आमच्या कबड्डीच्या सरांना आपल्या निष्पक्षपणाचा भारी माज होता. मुलींच्या संघाला वजनाची मर्यादा असायची आणि शाळेत वजनकाटा नव्हता, म्हणून ते आम्हाला ब्रह्मपुरीतल्या एका व्यापाऱ्याच्या धान तोलायच्या काट्यावर उभं करत. "काटा कोणाचा सगा नाई," म्हणत. वजन उतरवायला पोरी उपाशी राहतात, ते मात्र त्यांना कधी दिसलं नाही.

त्या वर्षी संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघी होतो, मी आणि माझी मैत्रीण. वसतिगृहात आमची चटईही एकच. चढाईला ती माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती, हे मला ठाऊक होतं. तिनं वजनाच्या आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. सकाळी ती भिंत धरून उठली. मी माझ्या ताटातला सगळा भात तिच्यापुढे सरकवला. "खा वो, पडशीन तिथं," म्हटलं. वर दोन गिलास पाणी पाजलं. मी काय करून राहिले, ते मला पक्कं माहीत होतं.

तासाभरानं काट्यावर ती अर्धा किलो जास्त भरली. सरांनी माझं नाव लिहिलं.

परवा तिच्या लेकीच्या लग्नात तिनं मला चार बायांसमोर उभं केलं. "हिनं मले आपल्या ताटातला भात देल्ला होता, सोता उपाशी राह्यली," म्हणाली. बाया कौतुकानं पाहत होत्या. मग तिनं आपल्या हातानं माझ्या ताटात भात वाढला.

मी तो बोटं चाटून खाल्ला.