कुत्रं थांबलं की आपणही थांबायचं

किस्स्यांचं गोचिडीसारखं असतं. एक काढायला बसावं, तर शेजारीच दुसरी! जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला आम्ही तिघं पहाटे कुत्री घेऊन चालतो. मी, शाळेत शिकवणाऱ्या सीमाताई आणि एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले नाना. चालून झालं की टपरीवर चहा, आणि चहाबरोबर हे.

\*

सुरुवातीलाच जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला चांगलं झापलं होतं. "लसी पूर्ण करा. पहिले आठ दिवस दहाच मिनिटं चाला. पट्टा मनगटाला गुंडाळू नका. आणि उन्हाळ्यात डांबरावर पालथा हात ठेवून सातपर्यंत मोजा. तुम्हाला चटका बसला, तर कुत्र्यालाही बसतो."

मे महिन्यात एका संध्याकाळी नाना रस्त्यावर उकिडवे बसून हात टेकवायला वाकले. एकानं विचारलं, "काका, काय हरवलं?" नाना मोजण्यात गुंग. तो वाकून शोधायला लागला. मग आणखी दोघं वाकले! तेवढ्यात नाना हात झटकत उठले.

"सापडलं?"

"तीनलाच!" म्हणाले, आणि आपल्या मोतीला घेऊन घरी गेले.

\*

सीमाताईंची कुत्री काळीकुट्ट, नावही काळी. थंडीत पहाटे अंधार असतो, म्हणून त्यांनी तिच्या गळ्यात चमकणारा पट्टा बांधला. स्वतःच्या अंगावर मात्र काळी शाल.

रावेरकडून केळी घेऊन येणारा एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं काच खाली केली. "ताई, तुम्ही आत्ता कुठून आल्या?"

"मी मघापासून चालतेय की!"

"मला नुसता पट्टा दिसत होता," तो म्हणाला. "जमिनीपासून हातभर वर. एकटाच चाललेला."

दुसऱ्या दिवसापासून शाल बंद, चमकणारं जाकीट सुरू!

\*

एकदा नशिराबादच्या बाजूला गेलो होतो. रात्री पाऊस झालेला. मोरीजवळ तिन्ही कुत्री एकदम थांबली. पुढे काहीच नव्हतं. रस्ता, आणि एक डबकं. नानांनी ओढलं, तर मोतीनं चारही पाय रोवले. काळी कण्हायला लागली. माझा लाडू माझ्याच पायांत शिरला.

"परत फिरू या," सीमाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

दुपारी कळलं, त्या डबक्यात विजेची तार तुटून पडली होती. आमच्यानंतर तिथून एक म्हैस गेली, ती तिथेच राहिली.

नाना म्हणाले, "चार पावलं होती रे."

डॉक्टरांच्या नियमांत आम्ही एक वाढवला. कुत्रं थांबलं की आपणही थांबायचं!

\*

सीमाताईंचं माहेर चोपड्याकडे. तिथं त्या काळीला घेऊन केळीच्या बागेच्या कडेनं निघाल्या. काळी पायाला चिकटून चालायला लागली. आत सुकलेली पानं वाजत होती. त्या चालल्या की वाजायची, थांबल्या की थांबायची. सीमाताईंनी पट्टा आखूड धरला. पळायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. एकेक पाऊल मोजत त्या माघारी वळल्या.

त्यांचे काका, आबा, शोधत समोरून आले. वाटेतल्या चिखलात सीमाताईंच्या येतानाच्या चपलांचे ठसे होते. आणि त्या ठशांवर उमटलेले, काळीच्या पंजाच्या दुप्पट पंजे.

आबांनी ते पाहिले. सगळं ठीक असल्यासारखं, अगदी हळू अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं बराबर शे. घर चाल. मांगे देखू नको."

\*

आता माझं.

नाना कुत्र्यांना एस.टी.च्या भाषेत शिकवतात. खिशात सायकलची घंटी. सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. लाडूची शिकवणी सुरू होऊन आठच दिवस झाले होते.

त्या सकाळी दाट धुकं, आणि मी एकटाच. गळपट्ट्यात दोन बोटं जावीत, एवढाच तो घट्ट हवा. मी बघितलंच नाही. हायवेजवळ लाडूनं मान मागे खेचली. गळपट्टा माझ्या हातात, लाडू रस्त्याकडे! मी ओरडत धावलो. ट्रकचा आवाज जवळ येत होता.

ट्रिंग!

लाडू पांढऱ्या पट्टीवर टपकन बसला. ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला.

"नाना!" मी हाक मारली. गळपट्टा घातला, पण लाडू उठेना. नुसता धुक्यात एका जागी बघत बसला.

ट्रिंग ट्रिंग!

तो उठला, वळला आणि घराकडे चालू लागला.

मी तडक नानांकडे गेलो. नाना कॉटवर, पाय खाली सोडून, गोधडी पांघरून बसलेले. सूनबाई म्हणाल्या, "कालपासून ताप आहे, घराबाहेर पडलेच नाहीत." घंटी खिडकीत होती.

मी सगळं सांगितलं.

"सिंगलला बसला?" नानांनी विचारलं.

"हो."

"आणि डबलला उठला?"

"लगेच!"

नानांनी लाडूकडे पाहिलं. मग सावकाश दोन्ही पाय कॉटवर घेतले.

"मी त्याला अजून सिंगलच शिकवलीय," ते म्हणाले.