कोहळ्याची पारध

"शिकारीला चाललोय," असं सांगून पुण्यातून निघणारा आमच्या सोसायटीतला मी पहिलाच माणूस असेन. बायको डब्यात थालीपीठं भरत होती. "उद्या पेपरात तुमच्या अटकेची बातमी आली, तर मी फोन कुणाला करायचा?" तिने विचारलं. मी सांगितलं की शिकारीला कायद्याने बंदी आहे हे मलाही कळतं, पण मी जातोय तिथे शिकार कोहळ्याची करतात. तिने डब्याचं झाकण लावलं. "मग मंडईत का नाही जात?" म्हणाली.

हा उपद्व्याप माझ्या डोक्यात घातला तो ऑफिसातल्या एका जुन्या मित्राने. तो कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीचा. गगनबावड्याच्या अलीकडे एका गावात शिमग्यानंतर पारध (गावाने मिळून केलेली शिकार) निघते. पूर्वी रानडुक्कर मारून देवीच्या पायरीवर ठेवायचं, मगच पालखी उठायची. बंदी आल्यावरही बरीच वर्षं हे चोरून चाललं. शेवटी गावातल्या सगळ्यात अट्टल शिकाऱ्याने, तात्यांनी, देवीसमोर बंदूक कायमची सोडली आणि डुकराऐवजी रानात कोहळा लपवून तो हुडकायची रीत घातली. आता बाहेरचे हौशेही पाचशे रुपये भरून त्यात शिरतात, आणि त्या पैशातून गाव रानात पाणवठे बांधतं. परदेशात म्हणे लोक परवाना काढून, दाम मोजून जनावर मारतात आणि त्याच पैशावर उरलेलं रान राखलं जातं. इथे तोच हिशेब, फक्त जनावर जिवंत राहतं. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही सगळे याल आणि मला जागा उरणार नाही.

कोल्हापूरच्या स्टँडवर मिसळ खाल्ली, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि गगनबावड्याची एसटी धरली. अंगात हिरवी-तपकिरी ठिपक्यांची पँट, डोक्यावर तसलीच टोपी, गळ्यात दुर्बीण. शेजारच्या मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मिल्ट्रीत हाय काय?" मी नाही म्हटलं. "मग असं कशापायी?" त्यांनी विचारलं. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

फाट्यावर तात्या उभे होते. सत्तरी ओलांडलेला सडसडीत माणूस, मिशा अजून शिकाऱ्याच्या. माझी दुर्बीण त्यांनी बोटाने उचलून पाहिली. "पावणं, कोहळा पळून जात न्हाय. ही कशाला?" म्हणाले आणि माझी पिशवी खांद्याला मारून चालू लागले.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात जेवायला बसलो. नाचणीची भाकरी, झुणका आणि खर्डा (मिरचीचा ठेचा). पंगतीला वनरक्षक मॅडम होत्या. पारधीला त्या दरसाल हजर असतात. आणि होते सर्जेराव. देवीच्या पालखीला पुढचा खांदा द्यायचा मान त्यांच्या घराण्याचा, त्यांनी खांदा दिल्याशिवाय पालखी हलत नाही.

"तात्या," सर्जेरावांनी भाकरी मोडता मोडता सुरुवात केली, "कोहळ्यानं देव फसंल. डुकरं फसत न्हाईत. माझा सगळा भुईमूग उकरलाय. तुमी पाणवठं बांधा, जनावरं पाणी पिऊन माझ्याकडं जेवायला येत्यात!"

तात्यांनी खर्ड्याची वाटी सर्जेरावांपुढे सरकवली.

"गेल्या साली दिवस बुडता बुडता कोहळा घावला. यंदा मावळायच्या आत शिकार पायरीवर आली न्हाय, तर माझा खांदा न्हाय. आन् फुडच्या वर्षी खरी पारध. तारंची फासकी लावतो. बघू कोण आडवतंय."

"मी आडवणार की," मॅडम म्हणाल्या.

"तुमी आधी जेवा बाई," म्हणत सर्जेरावांनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

ते गेल्यावर तात्यांनी मला हळूच सांगितलं. घोळ कुत्र्यांचा होता. कुत्र्यांना कोहळ्याचं काय पडलंय? ती सावलीला जाऊन लोळतात आणि माणसं रानभर फिरतात. म्हणून यंदा तात्यांनी युक्ती काढली होती. मटण मीठ घालून उकडलं आणि ते खारट पाणी कोहळ्याला तीन हात फासलं. "कुत्री सरळ जाऊन भिडत्यात का न्हाय बघा! कुणाला बोलू नगा." त्यांचे डोळे चमकत होते. मग म्हणाले, "पावणं, बंदूक सोडायला मला चाळीस वर्सं लागली. फासकी लागली तर त्या सोडण्याला काय अर्थ ऱ्हायला?"

सकाळी ते एकटेच रानात जाऊन कोहळा लपवून आले आणि देवळाच्या पायरीवर बसले, तोंडात सुपारी धरून. रीत अशी की ज्याने शिकार लपवली त्याने ती पायरीवर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. सुपारी थुंकली म्हणजे शिकार पोचली.

हलगी कडाडली आणि शंभरेक माणसांची ओळ रानात शिरली. यालाच हाका म्हणतात. आरोळ्या काय, शिट्ट्या काय, नुसता गदारोळ! माझ्यात भलताच जोर आला. पहिल्या तासाभरात मी "सापडला!" म्हणून ओरडलो. सगळी ओळ धावत आली. तो पांढरा धोंडा होता. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा मी करवंदीच्या जाळीत होतो आणि मला सोडवायला माणसं लागली. ठिपक्यांची पँट मागून चांगली वीतभर फाटली. "भावा, नाद खुळा!" कोणीतरी म्हणालं. त्यानंतर मी दुर्बीण गळ्यातून काढून पाठीमागे अडकवली, लाज झाकायला.

दुपार कलली तरी कोहळा नाही. कुत्री एका दिशेला ओढ घेत आणि वाटेतच शेपूट घालून परत येत. सर्जेराव सारखे आभाळाकडे बघत होते. मला पाणी हवं होतं, म्हणून मी मॅडमच्या मागोमाग नव्या पाणवठ्याकडे उतरलो. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांच्या पैशातून बांधलेला तो पाणवठा. मॅडमनी एकदम हात आडवा धरला.

पलीकडे गवा उभा होता. मी गवा चित्रात पाहिलेला. चित्रात तो केवढा असतो हे कळत नाही हो! काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, आणि तोंडात आमची शिकार. त्याने कोहळा कचकन फोडला, डोळे मिटून चावला, मग खाली सांडलेला रससुद्धा चाटून घेतला. मला हसू फुटलं.

"मीठ," मॅडम पुटपुटल्या. "मिठासाठी गवा कुठंपण जातोय. कोहळ्याला मीठ कुणी लावलं?" मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

गवा त्याच्या सवडीने निघून गेला. मागे उरली तळव्याएवढी फोड, दातांच्या खुणांसकट, आणि थोड्या बिया. आम्ही ते माझ्या रुमालात बांधलं आणि गावाकडे धावत सुटलो. सूर्य डोंगराला टेकला होता.

देवळापुढे सगळं गाव जमलं. मी फोड पायरीवर ठेवली आणि धापा टाकत सगळी हकिकत सांगितली; मिठाचं मॅडमनी सांगितलं. तात्यांनी फोडीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला. सुपारी तोंडातच.

"ही शिकार न्हाय," सर्जेराव म्हणाले. "हे जनावराचं उष्टं हाय."

मला वाटलं, संपलं. एका मूठभर मिठापायी म्हाताऱ्याचं सगळं वाहून चाललं होतं.

तेवढ्यात तात्यांनी सुपारी थुंकली.

"सर्जा, तुझ्या आज्ज्यानं मारल्यालं डुक्कर वाटंतच बिबट्यानं न्हेलतं. नुसता पाय घावला. तो त्यानं हितंच, ह्याच पायरीवर ठिवला. मी हाक्यात होतो, पोरगा होतो मी. तवा तुझा आज्जा काय म्हणाला, म्हाईत हाय?"

सर्जेरावांनी मान फिरवली.

"म्हाईत हाय तुला. बोल की."

सर्जेराव पायरीकडे बघत म्हणाले, "रानाचा वाटा रानानं घेटला म्हणाला."

"आन् पालखी?"

"उठली." मग एकदम उसळून म्हणाले, "पण माझ्या भुईमुगाचं काय, तात्या? आज्जाला भुईमूग नव्हता!"

"यंदाच्या पावण्यांचं पैसं आदी तुझ्या कुंपणाला. पाणवठा नंतर. मी सुपारी थुंकलोय, आता खोटं बोलत न्हाय."

सर्जेरावांनी मॅडमकडे पाहिलं, माझ्या फाटक्या पँटीकडे पाहिलं आणि धोतराचा सोगा खोचला. "उचला," म्हणाले. पालखी उठली तेव्हा डोंगरावर उजेडाची एक काडीच शिल्लक होती. मी रडलो. सांगायला लाज कसली?

मग वाटे झाले. हाक्यात असलेल्या प्रत्येकाला वाटा, कुत्र्यालासुद्धा. फोडीचे नखाएवढे तुकडे पानांवर पडले. एक तुकडा बाजूला राहिला. मी विचारलं, हा कुणाचा?

"गव्याचा," तात्या म्हणाले.

"अहो, त्याने अख्खा कोहळा खाल्ला की!"

"हाक्यात हुता न्हवं?" म्हणाले.

मला वाट्याला दोन बिया जास्त आल्या, पाहुणा म्हणून. घरी आलो तर बायकोने आधी पँट पाहिली, मग बिया. "पाचशे रुपयांत एवढंच?" मी बाल्कनीतल्या कुंडीत त्या लावल्या. वेल वरच्या मजल्यापर्यंत चढला, सेक्रेटरीने तक्रार केली, मी त्याला वाटा देईन म्हणालो. एकच कोहळा धरला, पण चांगला गरगरीत. बायकोने वड्यांसाठी साखर आणून ठेवली आणि मी गेले दोन महिने तो कोहळा तिच्यापासून राखतो आहे. देवीची शिकार मी बाल्कनीत राखतोय हे सोसायटीत कुणाला सांगणार?

परवा फोन वाजला. सर्जेराव.

"पावणं, कुंपण झालं. भुईमूग वाचला. ऐकतोय की तुमच्याकडं कोहळा धरलाय. यंदा त्योच आणा."

आणतो म्हटलं. ते फोन ठेवीनात.

"आन् मीठ आणू नगा," शेवटी म्हणाले. "मीठ माझ्या घरचं."