कुंडाचं कुलूप

“पाय घाल, मंग बोल.”

हे आमच्या मावशींचं ठरलेलं वाक्य. समोर सरपंच असो, डॉक्टर असो की माझा नवरा, त्या कुणाचीही भीड ठेवायच्या नाहीत. गरम पाण्याच्या कुंडाच्या काठावर उभं राहून “बापरे, केवढं तापलंय!” म्हणणाऱ्या माणसांवर त्यांचा फार राग होता. त्या रागातूनच हे वाक्य आलं असावं.

जूचंद्रच्या एका खोलीच्या अंगणवाडीत मी सेविका, त्या मदतनीस. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन शेजारच्या नायगावच्या फ्लॅटात आलेली. त्या इथल्याच, मिठागरात राबून वाढलेल्या. लहानपणापासून खाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांच्या पायांची पार वाट लागली होती. टाचांना भेगा, गुडघे सुजलेले. दर रविवारी एसटीने त्या तानसा नदीकाठच्या एका कुंडावर जायच्या, तासभर पाय बुडवून बसायच्या, आणि त्या शेकावर शनिवारपर्यंत पोरांची खिचडी उभ्याने रांधायच्या.

माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना शास्त्र समजावलं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. मावशींनी शांतपणे ऐकलं आणि आपली टाच पुढे केली.

“म्हंजे त्या पान्याला भेगा ठाव हायेत. तुमी पाय घातलाव कवा?”

नवऱ्याने घातला नव्हता. विषय तिथेच संपला.

मग एका वर्षी डहाणूकडे जमीन हलायला लागली. धक्के लहान आणि अफवा ह्या एवढाल्या! कुंडं उकळणार, डोंगर फुटणार, काय वाट्टेल ते. त्याच सुमारास एका सोमवारी मावशी उपड्या बादलीवर बसून खिचडी ढवळताना दिसल्या. दोन रविवार त्या कोरड्या पायांनी परत आल्या होत्या. बायकांच्या कुंडाला कुलूप लागलं होतं.

नेमक्या त्याच दिवशी सुपरवायझर मॅडम आल्या. “मावशी, उभं राहवत नसेल तर घरी बसा. दुसरी बाई बघू आपण.” मावशींनी बादली पायाने मागे सारली आणि उरलेली खिचडी उभ्यानेच ढवळली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. भांडण होऊ नये म्हणून हं, दुसरं काही नाही. बायकांच्या दाराला कुलूप, बाहेर सात-आठ बाया ताटकळलेल्या, आणि शेजारी पुरुषांच्या कुंडात मात्र गर्दीच गर्दी.

“बायकांच्या सुरक्षेसाठी बंद आहे. किल्ली साहेबांकडे असते,” राखणदार म्हणाला. “भूकंप होतायत ना!”

“भूकंप काय बाया बघून येतो?” मावशींनी विचारलं.

पायरीवर मोबाईल घेऊन बसलेला एक गडी हसला. “आजी, पाणी लई तापलंय. झेपायचं नाही तुम्हाला.”

“पाय घाल, मंग बोल,” मावशी म्हणाल्या. लुगडं वर खोचलं आणि सरळ पुरुषांच्या कुंडाच्या पायरीवर बसून गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडले.

काय पळापळ झाली म्हणून सांगू! जो तो टॉवेल शोधतोय. मी लाजेने अर्धी झाले. “मावशी, चला ना. लोक बघतायत.”

“बघू दे. उद्या मना उबं ऱ्हायाचं हाय, बाई. तुमाला लाज वाटत आसंल त भायेर बसा.”

खरं सांगते, मी बाहेर जायला वळलेही होते. पण त्यांच्या गुडघ्यांकडे नजर गेली आणि माझीच मला शरम वाटली. चपला काढल्या, पाय घातला. आई गं! डोळ्यांत पाणीच आलं.

“बस. सवय होतं,” त्या म्हणाल्या.

मागोमाग बाहेरच्या बाया एकेक करून आत आल्या. दोन आठवडे ‘साहेबांकडे’ असलेली किल्ली अर्ध्या तासात राखणदाराच्या खिशात सापडली. त्याने बायकांचं दार उघडलं. मावशींनी कडीत लटकणारं कुलूप काढून आपल्या पिशवीत टाकलं.

“अहो, ते आमचं आहे!”

“ऱ्हाऊं दे माज्याकं. तुला पुन्यांदा लावाचा मोह नको.”

सोमवारी मावशी गॅसपुढे उभ्या होत्या. मॅडम आल्याच तर त्यांना दिसावं म्हणून दिवसभर बसल्याच नाहीत, हट्टी बाई! कुलूप तांदळाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं, उंदीर झाकण पाडतात म्हणून. त्यानंतर चार वर्षं त्या तशाच उभ्या राहिल्या. गेल्या साली एका रविवारी कुंडावर जाऊन आल्या, सोमवारी खिचडी रांधली, मंगळवारी उठल्याच नाहीत.

मला त्यांची फार आठवण येते. रविवारी मी जाते कुंडावर. बायकांचं दार उघडं असतं.

परवा नव्या सुपरवायझर आल्या. डब्यावरचं कुलूप उचलून म्हणाल्या, “एवढं दणकट कुलूप इथे कशाला? दाराला लावा ना. किल्ली कुठंय?”

“किल्ली नाहीये, मॅडम.”

“मग नवी करून आणा.”

“नाही आणायची,” मी म्हणाले. आवाज जरा चढलाच माझा. त्यांच्या हातातून कुलूप घेतलं आणि होतं तसं, उघडंच, झाकणावर ठेवलं.