मोजणीदारांची गोबी

आमच्या शेजारच्या निवृत्त मोजणीदारांनी गोबीचा जेवढा छळ केला, तेवढा उभ्या मराठवाड्यात कुणी केला नसेल. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता निदान घरी गप्प बसावं! पण सिडकोतल्या घरामागे दोन खाटांएवढी जागा होती, तिथे त्यांनी फुलगोबीची सहा रोपं लावली, तीही दोरी धरून. रोज सकाळी टेप घेऊन ते पानं मोजत आणि वहीत लिहीत. नळाला पाणी चार दिवसांआड, त्यामुळे पाहुण्यांना हात गोबीच्या आळ्यातच धुवावे लागत, तेही साबणाशिवाय. पाच रोपं या देखरेखीला कंटाळून वाळली. सहावं तेवढं कोडगं निघालं आणि त्याला चक्क गड्डा धरला.

गड्डा पांढरा राहावा म्हणून भोवतीची पानं ओढून बांधतात. मोजणीदारांनी ती बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, लाल रिबिनीनं बांधली आणि जाहीर केलं, "आता हात लावायचा नाय. रविवारी सगळ्या गल्लीसमोर सोडू." त्याच आठवड्यात त्यांनी मला जेवायला बोलावलं. ताटात गोबीची भाजी होती. पहिल्याच घासाला त्यांनी तोंड वाकडं केलं. "ही बघा बाजारची गोबी, मास्तर. चव ना ढव! रविवारी आपली खा, मंग कळंल गोबी काय असती ते." वहिनी भाकरी वाढत राहिल्या.

रविवारी गल्ली जमली. मोजणीदारांनी गोबीवर छोटंसं भाषण केलं, रिबीन सोडली, आणि आत नुसता कापलेला बुंधा! सगळे हसले. मोजणीदार मात्र एकटक माझ्याकडे बघत होते, कारण मधे कंबरेएवढी भिंत आणि पलीकडे मी.

दुपारी वहिनी त्याच भिंतीशी आल्या. "भावजी, गड्डा फुटाया लागला व्हता. म्हणून कापला अन् त्यांनाच खाऊ घातला. आता आपल्याच गोबीला नावं ठेवली हे कळलं, तर लई खचतील. तुम्ही तेवढं सोसा."

मी सोसलं. दोन वर्षं मोजणीदार माझ्याशी बोलले नाहीत. गल्लीत मला गोबीचोर म्हणत. मला राग यायचा, अगदी मनापासून यायचा, पण वहिनींना शब्द दिला होता.

गेल्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. थंडीत एका सकाळी मोजणीदार दारात उभे. हातात मुठीएवढा गड्डा, न मोजलेला.

"घ्या, मास्तर. कवळा हाय तवाच कापला." गड्डा माझ्या हातात ठेवून म्हणाले, "जाताना तिनं समदं सांगितलं. तुमची माफी मागता येती, ती मागतो. पण तिला एकदा म्हणायचं राहिलं बघा, भाजी चांगली झाली व्हती म्हणून."

मी त्यांना घरात घेतलं, तोच गड्डा चिरायला लावला आणि दोघं जेवायला बसलो. खरं सांगतो, भाजीला चव ना ढव. मी दोनदा मागून घेतली.