कडीखालचे पंचवीस चौकोन

टेप ओढली गेली आणि लॅकर तिच्याबरोबर निघून आले.

देवधरांनी ती टेप उजेडाकडे धरली. ते रंगाच्या कंपनीचे टेक्निकल माणूस. या एका तपासणीसाठी पुण्याहून खंडाळ्याला आले होते. त्यांनी भिंगातून मोजणी केली आणि कागदावर आकडा लिहिला. पंचवीसपैकी एकोणीस चौकोन दार सोडून टेपेला चिकटले होते. बंगल्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरी आपटे मॅडम यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि हातातील अर्जाचे शेवटचे वाक्य वाचून दाखवले.

"'सदर चाचणीचा निष्कर्ष अर्जदारास पूर्णतः बंधनकारक राहील.' हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"होय. मीच."

अर्जदार किसन माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे वाटले असते.

मी वडगावला तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल मांडून अर्ज लिहितो. शाळा नववीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण टेबलाने दिले. सातबाऱ्यावरील नाव, वाटेचा तंटा, विहिरीतला हिस्सा, हरवलेले रेशनकार्ड, यांपैकी कशाचाही मसुदा मी न खोडता लिहितो. माझा अर्ज समजला नाही म्हणून परत आला, असे एकवीस वर्षांत झालेले नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. ज्या वाक्याने किसन अडचणीत आला ते वाक्य किती विचारपूर्वक लिहिले होते, ते कळावे म्हणून सांगतो.

किसन कान्हे गावचा. लाकडाला पॉलिश करणारा कारागीर. खंडाळ्याच्या त्या सोसायटीतील बहुतेक बंगल्यांची दारे, जिने, कपाटे त्याच्या हाताखालून गेलेली. मे महिन्यात त्याने एका बंगल्याच्या सागवानी मुख्य दाराला लॅकर केले. लॅकर म्हणजे लाकडावर फवारायचा पारदर्शक, चकचकीत थर. श्रावणात त्या दाराचे पापुद्रे सुटू लागले. मालक मुंबईत राहतात. त्यांनी फोटो पाठवले. भेसळीचा माल वापरला, असा आरोप केला. सोसायटीने ठराव केला आणि किसनचे नाव गेटवरच्या पाटीवर चढवले. प्रवेश बंद.

त्याचे सगळे काम त्या गेटच्या आत होते. बाहेर त्याला कोणी ओळखत नव्हते आणि आत आता ज्याला त्याला तो भेसळवाला म्हणून माहीत झाला होता.

तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याची एकच मागणी होती. "भाऊ, माल खरा हाय. येवडं एक कुणाला तरी दाखवून द्या. गेट उघडलं पायजे."

मी त्याला विचारले की माल खरा आहे हे सिद्ध कसे होते. तेव्हा त्याने चिकटपणाच्या टेस्टबद्दल सांगितले. कंपनीची माणसे ती करतात, त्याने एकदा पाहिली होती. मी तातडीने अर्ज लिहिला. शास्त्रोक्त चाचणी व्हावी, अशी मागणी केली. अर्जाला वजन यावे म्हणून शेवटी ते बंधनकारक राहण्याचे वाक्य घातले. सोसायटीने ते वाक्य वाचले आणि चाचणी लगेच मान्य केली. माझ्या अर्जांचा परिणाम असाच लवकर होतो.

"कागद तुमी लिवलाय, तर तुमीच चला," असे किसन म्हणाला. मी टेबल सहसा बंद ठेवत नाही. त्या दिवशी ठेवले आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसून घाट चढलो.

आता चाचणी कशी होते ते सांगतो, कारण पुढचे सर्व तिच्यावर आहे. धारदार ब्लेडने लॅकरवर सहा रेघा ओढायच्या. त्यांना छेदून आणखी सहा. दोन रेघांत दोन मिलिमीटर. रेघा लाकडाच्या नसेला, म्हणजे त्याच्या अंगच्या रेषांना, तिरक्या घ्यायच्या, कारण नसेच्या दिशेने ब्लेड गेले तर लाकूडच चिरते आणि निकाल खोटा येतो. असे पंचवीस बारीक चौकोन तयार होतात. त्यांवर चिकट टेप दाबून बसवायची आणि एका दमात ओढायची. एकही चौकोन सुटला नाही तर ग्रेड शून्य. तीच सर्वांत उत्तम. बहुतेक चौकोन सुटले तर ग्रेड पाच. आमच्या कचेरीत शून्य म्हणजे काम झाले नाही. इथे शून्य म्हणजे काम झाले. हे मला पटायला थोडा वेळ लागला.

किसनच्या दाराला ग्रेड पाच मिळाली.

आपटे मॅडम अर्ज घडी करू लागल्या. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या बाई. त्या म्हणाल्या की विषय संपला. मी म्हणालो की एका जागेवरून विषय संपत नाही.

"तुम्ही वकील आहात का?"

"नाही. वकिलाला इतक्या सकाळी वेळ नसतो."

देवधर हसले. मॅडम हसल्या नाहीत. मी देवधरांना विचारले की जागा कोणी ठरवली. ते म्हणाले की जिथे पापुद्रे सुटलेले दिसले त्याच्या शेजारची घेतली, म्हणजे कडीखालची. मी म्हणालो की जमिनीची मोजणी करताना आम्ही एका दगडावरून हद्द ठरवत नाही. तेच दार, तोच डबा, तोच हात. वरच्या फळीवरही चाचणी व्हावी. नियमात बसते का, असे मॅडमनी विचारले. देवधरांनी मान डोलावली. मुळात दोन-तीन जागा घ्यायच्याच असतात, असे ते म्हणाले.

वरच्या फळीवर पुन्हा बारा रेघा. पुन्हा टेप. ओढली तेव्हा कोरी निघाली. एकही चौकोन सुटला नव्हता. ग्रेड शून्य.

आता दोन्ही टेपा माझ्या हातात आल्या आणि येथून पुढे मी माझ्याच धंद्यात होतो.

अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लावावे लागते. एकवीस वर्षांत मी किती तिकिटे लावली असतील त्याला गणती नाही. नीट बसलेले तिकीट कोणी ओरबाडून काढले तर त्याच्या पाठीला कागदाची लव येते, कागद उसवतो. पण माणूस कचेरीच्या फाटकावरचा वडापाव खाऊन त्याच हाताने कागद पुढे करतो, त्या कागदावर तिकीट बसल्यासारखे दिसते आणि संध्याकाळी पडते. अशा पडलेल्या तिकिटाची पाठ स्वच्छ असते. कागदाचा एक तंतूसुद्धा तिला लागलेला नसतो. त्याने कागदाला कधी धरलेलेच नसते.

मी ते एकोणीस चौकोन उलट बाजूने पाहिले. पाठ स्वच्छ होती. काचेसारखी. लाकडाचा भुसा नाही, तंतू नाही.

"साहेब," मी देवधरांना म्हणालो, "या दाराला तेलकट हात लागलाय."

त्यांनी टेप माझ्याकडून घेतली आणि भिंगाखाली धरली. मग थिनरमध्ये पांढरे फडके बुडवून उघड्या पडलेल्या लाकडावर जोरात घासले. फडके पिवळे झाले. त्यांनी ते माझ्या नाकाशी आणले. थिनरच्या खालून करंजाचा कडू वास येत होता. मावळात वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. आमच्याकडे औताला, गाडीच्या जुवाला पावसाळ्याआधी करंजाचे तेल चोळतात.

देवधर म्हणाले, "मालात दोष नाही. थर आणि लाकूड यांच्यामध्ये तेल आहे. हे आलं कुठून?"

हा प्रश्न किसनला होता. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर आलेले मला स्पष्ट दिसले. त्याने पायरीखाली उभ्या असलेल्या आबांकडे क्षणभर पाहिले आणि नजर काढून घेतली. आबा म्हणजे त्या बंगल्याचे रखवालदार, लोहगडवाडीचे, साठी ओलांडलेले. बारा वर्षांपूर्वी याच आबांनी किसनला पहिल्यांदा या गेटच्या आत आणले होते.

"माझ्याच फडक्याला लागलं आसंल," किसन म्हणाला.

हे वाक्य मी लिहून घेतले असते तर तो कायमचा बाहेर राहिला असता. मी पेन खिशातच ठेवले. किसनला बाजूला घेऊन समजावून सांगितले की असे बोललास तर गेट उघडणार नाही. तो म्हणाला की आबांची नोकरी गेली तर या वयात त्यांनी जायचे कुठे. मी मनात दुसरा मसुदा जुळवू लागलो.

आबाच पायरी चढून वर आले. हातातली टोपी नीट करून ते मॅडमसमोर उभे राहिले.

"तेल म्या लावलं, बाई. ह्यानं दार घासून ठिवलं आन् दोन दिस भाचीच्या लग्नाला गेलता. हितं धुकं उतरलं. उघडं लाकूड बघून ऱ्हावलं न्हाई."

"पण खालीच का?" मॅडमनी विचारले.

"वर पत्र्याचा आडोसा हाय. पावसाची झड कडीपतूरच येती."

सगळे दाराकडे पाहू लागले. देवधरांनी खात्री म्हणून कडीच्या बोटभर खाली आणि बोटभर वर आणखी दोन चाचण्या घेतल्या. खालची टेप भरून आली. वरची कोरी. आबांच्या तेलाची हद्द दारावर इतकी सरळ होती की मोजणीदारालाही तशी काढता आली नसती.

किसनने मग आपली चूकही सांगितली. लग्नाहून आल्यावर घाईत त्याने पुन्हा पॉलिशपेपर फिरवला नाही, थिनरने पुसले नाही. "हात तरी फिरवायचा व्हता. कळलं आसतं," तो म्हणाला. कोणी त्याला हे विचारले नव्हते.

आपटे मॅडमनी घडी केलेला अर्ज पुन्हा उघडला. मालकांना काय कळवायचे हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. एकाचे नाव पाटीवरून काढायचे तर दुसऱ्याचे चढणार. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

"आता हे कसं लिहायचं?"

मघाशी मला वकील आहात का विचारणाऱ्या बाई हे म्हणाल्या, याची नोंद मी मनात करून ठेवली आहे. मी पायरीवर बसलो आणि न खोडता लिहिले:

'दरवाजाच्या कडीखालील भागास संरक्षणार्थ तेल लावण्याच्या पूर्वापार पद्धतीमुळे लॅकरचा थर लाकडास धरला नाही. वापरलेला माल निर्दोष आढळला. थर देण्यापूर्वी पृष्ठभाग तपासणे कारागिराचे कर्तव्य होते व ते त्याने मान्य केले आहे. सदर भाग तो स्वखुशीने नव्याने करून देईल. सबब प्रवेशबंदी रद्द व्हावी.'

मॅडमनी 'पूर्वापार' शब्दावर बोट ठेवले. बंगला बारा वर्षांचा आहे, त्या म्हणाल्या.

"बंगला बारा वर्षांचा आहे, मॅडम. तेल पूर्वापार आहे."

त्यांनी सही केली. देवधरांनी केली. आबांचे नाव त्या कागदावर कुठेही नाही आणि त्यातील एकही शब्द खोटा नाही. माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या कागदांत मी तो वरच्या क्रमांकाचा मानतो.

गेटवरची पाटी पुसली गेली तेव्हा किसन तिथे नव्हता. तो दाराचा खालचा भाग घासत बसला होता. या वेळी त्याने थिनरने तीनदा पुसले. थर वाळल्यावर, पुरेसे दिवस जाऊ देऊन, दाराच्या कडेला न दिसणाऱ्या जागी स्वतः बारा रेघा ओढल्या. टेप कोरी निघाली. आता त्याच्या पिशवीत ब्रशाच्या शेजारी ब्लेड आणि टेप असते. आबा अजून त्याच बंगल्यावर आहेत. मे महिन्यात तेलाचा डबा काढण्यापूर्वी ते किसनला फोन करतात.

मीही माझी पद्धत थोडी बदलली. 'बंधनकारक राहील' हे वाक्य अर्जात अजून घालतो, कारण त्याने वजन येते. पण आता त्याच्या आधी 'किमान तीन ठिकाणी व अर्जदारासमक्ष' हे शब्द असतात.

त्या पहिल्या दोन टेपा देवधरांनी मला देऊन टाकल्या. त्या मी टेबलाच्या झाकणाला आतून लावल्या आहेत. एक कोरी, एक एकोणीस चौकोनांची. कोणी वडापावच्या हाताने कागद पुढे केला की मी झाकण उघडून दाखवतो आणि समोरच्या नळाकडे बोट करतो. लोक कंटाळतात, पण हात धुऊन येतात. तोवर मी तिकीट बाहेर काढत नाही.