राबाचा धूर

आमच्या मुलखाची लोक अर्धीच गोष्ट सांगतात. शहापूर-मुरबाडला पाऊस फार, म्हणतात. फार म्हणजे काय, आषाढात भिंतीला हात लावला तरी ओला होतो. पण म्हणून आमच्याकडे ऊन नाही असं जो म्हणेल, त्याला मी वैशाखातल्या भर दुपारी अनवाणी बांधावरून चालवीन. या अर्ध्या गोष्टीपायी माझं लग्न मोडायची वेळ आली होती, म्हणून एवढा चिडून बोलतो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. शहापूरच्या शाळेतून सातवी होऊन मी घरी आलो होतो आणि वडिलांच्या हाताखाली भातशेती बघत होतो. आमचं गाव मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याला. पौषात जवळच्या म्हसा गावच्या जत्रेला बैल बघायला गेलो. घाटावरचा एक शेतकरी बैलजोडी घेऊन उतरला होता, बरोबर त्याची मुलगी होती. मी बैलाचे दात बघत होतो, निदान तसं दाखवत होतो. मुलगी म्हणाली, "दात बैलाला हायेत. तिकडं बघा."

झालं! बैल काही घेतले नाहीत, पण घरी आल्या आल्या आईला सांगून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशीच. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. बोलणं लावलं आणि मुलीचे वडील घर बघायला आले ते नेमके श्रावणात.

राहिले तितके दिवस त्यांना सूर्य काही दिसला नाही. घाट उतरताना भिजलेलं पागोटं आईने चुलीवरच्या दोरीवर टाकलं, त्याला धुराचा वास लागला, पण ते वाळलं नाही. तंबाखू सर्द झाली. अंथरुणाला कुबट वास. निघताना ते माझ्या वडिलांना म्हणाले, "जिथं पागुटं वाळंना, तिथं माझी पोर कशी नांदायची?" मला वाटलं, आता संपलंच. पण वडील शांतपणे म्हणाले, एकदा वैशाखात या. नाही म्हणायचं तर तेव्हा म्हणा.

पाहुण्यांनी शब्द दिला होता, म्हणून ते वैशाखात आले. दुपार टळटळीत होती. आभाळात ढगाचं बोटभर चिरगूट नव्हतं. भाताच्या खाचरांना भेगा पडलेल्या, नदीची डबकी झालेली. ओटीवर बसून ते ताक प्यायले आणि उपरण्याने घाम पुसत राहिले. घाम काही हटेना, आमच्याकडे हटतच नाही. मी मनातून खूश होतो. म्हटलं, घ्या ऊन, किती पाहिजे तेवढं!

तर हे गृहस्थ नदीकडे बघतात, खाचरांकडे बघतात आणि हळूच सांगतात की असं ऊन पडणाऱ्या जागी पावसाचा भरवसा धरता येत नाही. गेल्या श्रावणात पडला असेल एखाद्या वर्षी पडतो तसा. त्यांच्याकडेही पाऊस कधी कधी असा तोंड दाखवून जातो आणि पुढची दोन वर्षं माणसं घागरी घेऊन हिंडतात. आता काय म्हणावं? श्रावणात आले तर ऊन नाही, वैशाखात आले तर पाऊस नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मी तोंड उघडणार होतो, पण वडिलांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात समोरच्या खाचरातून धूर उठला. पाहुणे ताडकन उठले. ओटीवर पिण्याच्या पाण्याची कळशी होती. आईने डबक्यातल्या झऱ्यावर बसून वाटी वाटीने भरलेली ती कळशी त्यांनी उचलली आणि तसेच अनवाणी धावत सुटले. आई मागून पाणी, पाणी करत राहिली. त्यांनी सगळं पाणी आगीवर ओतलं, मग उपरण्याने जाळ झोडायला लागले. आग लावणारे आमचे गडी तोंडं उघडी टाकून उभे.

वडील मागून सावकाश चालत गेले. "पाहुणं, जळू दे," ते म्हणाले. "आमीच लावलाय."

तो आमचा राब होता. भाताचं रोप करायचं त्या जागेवर आम्ही उन्हाळ्यात शेण, ऐनाच्या झाडाची टहाळी, पालापाचोळा आणि गवत असे थर घालतो, वर माती पसरतो आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवतो. सावकाश जळतं, जमीन भाजून निघते, तण मरतं. त्या राखेत पेरलेलं रोप जोमाने येतं. पाहुण्यांना यातलं बाकी सगळं पटलं, पण शेण जाळायचं हे काही केल्या पटेना. रिकामी कळशी मांडीवर घेऊन ते बांधावर बसले आणि त्यांनी विचारलं की एवढं सगळं जाळून बसलात आणि पाऊसच आला नाही, तर?

वडिलांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहुण्यांकडे पाहिलं. "पाऊस येत नाय म्हंजे?"

पाहुणे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात ज्याच्या मनात ही भीती कधी आली नाही, असा शेतकरी त्यांनी पहिल्यांदा पाहिला असावा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही शिकलेले आहात, एका जागी एवढं ऊन आणि एवढा पाऊस नांदतो कसा ते सांगा.

मी वाटच बघत होतो. वेधशाळेतला साहेब असल्यासारखा सुरू झालो. म्हटलं, त्या धुराकडे बघा. खाली तो डोंगराकडे झुकलाय, कारण दुपारी समुद्रावरचा वारा येतो. ओला असतो, म्हणून तुमचा घाम वाळत नाही. पण धूर वर गेला की कसा आडवा होतो आणि माघारी फिरतो, बघा. तिथे दुसरा वारा आहे, घाटावरून येणारा, तापलेला, कोरडा. तो या ओल्या हवेवर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसलाय. ओली हवा वर चढू शकत नाही. ती चढल्याशिवाय ढग नाही, आणि ढग नाही म्हणून हे ऊन. ज्येष्ठात समुद्राचा वारा जोर धरतो, झाकण उडवतो आणि डोंगरावर चढतो, मग पाऊस कोसळतो. वर्षाचा सगळा पाऊस त्या चार महिन्यांत उरकतो, बाकी आठ महिने आभाळ मोकळं. हवा ओली म्हणजे आभाळ भरलेलं, असं काही नसतं. आजही मी कोणालाही हेच सांगतो.

ते मान वर करून धूर बघत होते. "म्हंजी वरचा वारा आमचा," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

मला वाटलं, जिंकलं. पण होकार काही दिला नाही. वडील गड्यांकडे गेले, तेव्हा ते खालच्या आवाजात मला सांगू लागले. त्यांची धाकटी बहीण खाली कल्याणच्या बाजूला दिली होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिला खोकला लागला. माहेरी निरोप पोचला तेव्हा ती गेली होती. ओलीने गेली की आणखी कशाने, ते त्यांना कधी कळलं नाही. ते ऐकून माझा सगळा तोरा उतरला. एवढंच म्हणालो, "तुमच्या मुलीला खोकला लागला, तर कोणाची वाट न बघता मी स्वतः तिला घाट चढवून तुमच्याकडे आणीन."

त्यांनी मांडीवरची कळशी बाजूला ठेवली. मग म्हणाले, पोरीला विचारतो. थोड्या दिवसांनी तिचा निरोप आला की बैल तर घेतले नाहीत, आता हा व्यवहार तरी पुरा करा. माझा आनंद गगनात मावेना.

मार्गशीर्षात लग्न झालं. पुढच्या वैशाखात सासरे न कळवता आले, राब बघायला आलो म्हणाले. आम्ही दोघं खाचरात होतो. राब नुकताच पेटवला होता, तोच वारा फिरला आणि धुराचा लोट तिच्या अंगावर आला. ती खोकायला लागली. खोकता खोकता वाकली. बांधावर सासरे उभे होते. त्यांच्या हातातली काठी गळून पडली आणि चेहरा पांढराफटक झाला.

ती डोळे पुसत वळली, तिने त्यांना पाहिलं. आपल्या आत्याची गोष्ट तिलाही माहीत होती. "आबा, धूर गेला घशात," ती म्हणाली. "राबाचा."

"पुन्यांदा खोक," ते म्हणाले.

तिने खोकून बघितलं. खोकला येईना, हसूच यायला लागलं. तसे सासरे मटकन खाली बसले, पागोटं उतरवून त्यात तोंड खुपसलं आणि लहान मुलासारखे रडले. ती शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग ओलं झालेलं पागोटं तिने त्यांच्या हातातून घेतलं आणि उन्हात बांधावर पसरलं. आम्ही जेवायला उठेपर्यंत ते वाळलं होतं.