साहनुनचा बाप

लोंबोकमधल्या त्या गावात पहिलं मूल झालं की आईबापांची स्वतःची नावं गळून पडतात. साहनुनचा बाप तो आमाक साहनुन, आई ती इनाक साहनुन. अशा इनाक साहनुन गावात दोघी होत्या, एक वरच्या आळीची, एक खालच्या. दोघींचे नवरे मलेशियात एकाच मळ्यावर तेलताडाचे घड उतरवायला गेलेले. तिथल्या लोकांना ते काम नको, मळेवाल्यांना माणूस मिळेना, म्हणून गावातले धडधाकट पुरुष एकेक करत निघून गेले. काय रंगायचं गावचं रुदात नाटक! वरच्या आळीचा आमाक चाच्यांचा सरदार व्हायचा. तो गरजला की मागच्या रांगेतली पोरं आईला बिलगायची. आता भालदार व्हायलाही माणूस नव्हता. सरदाराच्या जरीच्या अंगरख्याला पेटीत कसर लागली होती.

त्या सकाळी दलाल मामिक विरासा मोटरसायकलवरून वरच्या आळीत आला.

"बाई, आमाक साहनुन गेला. घड डोक्यात पडला."

"कोणता आमाक साहनुन?"

मामिकने डोकं खाजवलं. "निरोप एवढाच आहे."

"दोघांनाही तुम्हीच नेलंत ना? पैसे घेताना बरे वेगवेगळे होते!"

चोरवाटेने नेलेल्यांचे कागद कुठले असायला! खालची इनाक धावत आली. मामिकने मुकादमाला फोन लावला. मुकादम वैतागला, "माझ्या वहीत दोघंही आमाक साहनुनच. जो जिवंत आहे तो टेकडीपलीकडे घड कापतोय. आत्ता नाही बोलावता येणार. माणसं नाहीत, फळ सडतंय इथे. जेवणाच्या सुटीत देतो फोन."

दोघी एकाच चटईवर बसल्या. खालचीने पानाचा डबा पुढे सरकवला. "घे गं ताई, तोंड कोरडं पडलंय तुझं."

वरचीने पान घेतलं आणि मनात म्हटलं, अल्ला, हिचा असू दे. शेजारी हीच दुआ चाललीय हेही तिला कळत होतं. दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरला होता आणि तो आधी सोडायची एकीचीही छाती नव्हती.

फोन वाजला. मामिकने आवाज मोठा केला.

"हॅलो... येतंय का ऐकू?" बारीक, नाकातला आवाज.

वरच्या इनाकने फोन उचलून खालचीच्या हातात दिला. "बोल. तुझा आहे."

"या ना परत!" खालची हुंदके देत ओरडली. "आत्ताच्या आत्ता निघा!"

"कसा निघू? त्याच्या रांगा पण आता मलाच दिल्यात."

मामिक उठला. मोटरसायकलपाशी जाऊन घुटमळला आणि वरच्या इनाककडे वळला. "बाई, ही वेळ नाही, कळतं मला. पण मळ्यावर जागा रिकामी झालीय. तुमच्या घरात कुणी..."

"आहे ना. धाकटा भाऊ. लग्न नाही, पोर नाही. मेला तर स्वतःच्या नावाने मरेल."

 मामिकने त्याचं वय विचारलं.